नंबरप्लेट लावली म्हणून रेसची गाडी रस्त्याची होत नाही

सांगलीकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या मुलाने दोन प्रश्न विचारले आहेत. त्याची टीम फॉर्म्युला भारत या कॉलेजांच्या रेस गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधते आहे. पहिला प्रश्न असा: "सर, मॅक्लारेन एफ१ ही मुळात रेसचीच गाडी होती ना? नंतर तिला नंबरप्लेट लावून श्रीमंतांना विकली असंच ना?" दुसरा त्यातूनच निघालेला: "मग आम्ही आमच्या गाडीला दिवे, हॉर्न आणि नंबरप्लेट लावली, तर ती रस्त्यावर नेता येईल का?"

दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. ते छोटं आहे आणि तुला आवडणार नाही.

पहिल्याचं उत्तर: नाही, बरोबर उलटं. एफ१ म्हणजे मॅक्लारेनची नव्वदच्या दशकातली सुपरकार, फॉर्म्युला वनची गाडी नव्हे. ती रस्त्यासाठी बांधलेली गाडी. रेस नंतर तिच्या गळ्यात पडली. हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण मी सव्वीस वर्षं होमोलोगेशनच्या कामात घालवली आहेत. म्हणजे कंपनीची नवी गाडी घेऊन कोथरूडला एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेकडीवर चढायचं आणि ती प्रत्येक नियमात बसते हे सिद्ध करून खाली यायचं. त्या कामाने एक गोष्ट हाडात भिनवली: वेगवान गाडी बांधणारे पुष्कळ भेटतात, पण ती वेगवान गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आणताना त्यातल्या निम्म्यांची दमछाक होते.

आधी फरक नीट दाखवतो. फ्रान्समधली ले माँची चोवीस तासांची शर्यत. १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकणाऱ्या चालकांत एक नाव समान आहे, यानिक दालमास. दोन्ही वेळा तो ज्या गाडीतून जिंकला ती कागदोपत्री जीटी वर्गातली, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीशी नातं सांगणारी होती. पण दोन्ही गाड्यांचा जन्म एकमेकींच्या अगदी उलट दिशेने झालेला.

१९९४ची गाडी म्हणजे डाउअर ९६२. पोर्श ९६२ ही ऐंशीच्या दशकातली अस्सल रेसची गाडी. जर्मनीतल्या योखेन डाउअर यांनी १९९३मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिचा रस्त्यावर चालणारा अवतार मांडला. आत चामड्याच्या सीटा, सामान ठेवायला जेमतेम एक कप्पा, आणि गाडी वर उचलणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन. ते सस्पेन्शन आरामासाठी नव्हतं हे माझ्यासारख्याला लगेच कळतं. दिवे आणि बंपर जमिनीपासून ठरावीक उंचीवर असावे लागतात आणि रेसची गाडी तर जमिनीला चिकटून असते, म्हणून ती उचलायची सोय. ले माँच्या त्या वर्षीच्या नियमांत जीटी गाडीची रस्त्यावरची आवृत्ती असायला हवी होती, पण ती किती संख्येने असावी याबाबत नियम फारच ढिला होता. पोर्शने ती फट हेरली. जुनी रेस गाडी "जीटी" म्हणून उतरवली, त्या वर्गाला मिळणारी मोठी इंधन टाकी पदरात पाडून घेतली आणि शर्यत जिंकली. तुझ्या मनातलं "रेस गाडीला नंबरप्लेट" हे वर्णन या गाडीला चपखल बसतं. हुशारी होती, यात वाद नाही. पण ती वकिलाची हुशारी.

१९९५ची गाडी मॅक्लारेन एफ१ जीटीआर, म्हणजे एफ१ची रेससाठीची आवृत्ती. तिच्याकडे येतो, पण मॅक्लारेनच्या घरातला एक जुना प्रसंग आधी सांगायला हवा.

कंपनीचा संस्थापक ब्रूस मॅक्लारेन, न्यूझीलंडचा. १९६९च्या सुमारास त्याने कॅन-ॲम या उत्तर अमेरिकेतल्या शर्यतींच्या मालिकेतल्या आपल्या एम६ या रेस गाडीला छप्पर चढवून एम६जीटी नावाची गाडी करायचं ठरवलं. मूळ बेत शर्यतीचाच होता, पण त्या वर्गात उतरायला ५० गाड्या बनवणं सक्तीचं होतं आणि ते गणित जमलं नाही. मग त्याने ठरवलं की हिचीच रस्त्यावरची सुपरकार करायची. मागे शेव्हरोलेचं व्ही८ इंजिन आणि पुढचे दिवे हाताने उघडायचे. पहिली गाडी नोंदवून ब्रूस स्वतः ती रोजच्या रस्त्यावर चालवत असे. २ जून १९७० रोजी गुडवूडच्या ट्रॅकवर दुसऱ्याच एका रेस गाडीची चाचणी घेताना त्याचा अपघाती मृत्यू झाला आणि एम६जीटीही तिथेच थांबली. बोटांवर मोजण्याइतक्याच बनल्या. त्या गाडीबद्दल मला नेहमी वाटतं की ब्रूस जगला असता, तरी ती रेस गाडीच राहिली असती. रस्त्यासाठी तिच्यात जे काही केलं होतं ते वरून चढवलेलं होतं.

आता अठरा वर्षं पुढे. १९८८ साली मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या १६पैकी १५ शर्यती जिंकल्या. हरली ती एकच, इटलीतल्या मोंझाची. त्या शर्यतीनंतर मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाला उशीर झाला आणि रॉन डेनिस, मन्सूर ओज्जे, क्राइटन ब्राउन आणि डिझायनर गॉर्डन मरे अशी मॅक्लारेनची चौकडी गप्पा मारत बसली. विषय निघाला: आपण रस्त्यावरची गाडी का बनवू नये? मरे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. आधी ब्रॅबम संघात होता. १९७८ची ती प्रसिद्ध पंखेवाली रेस गाडी त्याचीच, जी स्वीडनची एकच शर्यत खेळली, जिंकली आणि वादात सापडून कायमची बाजूला झाली. तीन माणसांची गाडी, चालक मधोमध, हे चित्र तो विद्यार्थिदशेपासून वहीत रेखाटत आला होता.

आता मुख्य मुद्दा. समोर नमुना म्हणून मरेने कोणती गाडी ठेवली होती? फेरारी नाही, लॅम्बोर्गिनीही नाही. होंडा एनएसएक्स, एक जपानी स्पोर्ट्स कार. कारण ती गाडी खड्ड्यातून नीट जायची, एसी चालायचा, बाहेरचं दिसायचं आणि ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय दुखत नव्हता. शर्यतीच्या जगातला माणूस रस्त्याची गाडी करायला बसतो आणि त्याचं पहिलं टाचण "रोज वापरता आली पाहिजे" असं असतं, ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकल्पात सगळ्यात जास्त भावते. इंजिनसाठी तो होंडाकडेच गेला, कारण तेव्हा मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाड्यांत होंडाची इंजिनं होती. होंडाने नाही म्हटलं. मग बीएमडब्ल्यूचे इंजिन बनवणारे पॉल रोश मदतीला आले. मरे आणि रोश यांची ओळख ब्रॅबमच्या दिवसांपासूनची. बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनावर ब्रॅबमचा नेल्सन पिके १९८३चा विश्वविजेता झाला होता.

मरेची मागणी साधारण ५५० अश्वशक्ती आणि २५० किलो वजनाची होती. रोश यांनी ६०६४ सीसीचं व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन दिलं. वजन २६६ किलो भरलं, १६ किलो जास्त. पण ताकद ६२७ अश्वशक्ती. मरे वजनावर कुरकुरला असेल, पण सौदा वाईट नव्हता.

टर्बो का नाही? तेव्हाच्या टर्बो गाड्यांत ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नसे आणि मग एकदम मागून लाथ बसल्यासारखी गाडी सुटायची. ट्रॅकवर चालकाला पुढचं वळण पाठ असतं, तो आधीच पाय टाकतो. रस्त्यावर समोर काय येईल ते माहीत नसतं, तिथे पाय आणि चाक यांच्यामध्ये उधारी चालत नाही. म्हणून मोठं, बिनटर्बोचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा थ्रॉटल आणि जवळजवळ नसल्यासारखंच हलकं फ्लायव्हील.

मग रेसवाल्यांनी या गाडीला दिलं तरी काय? माझ्या मते एकच गोष्ट, वजनकाटा. लक्ष्य १००० किलोचं होतं, गाडी ११३८ किलोवर थांबली. तुला हा पराभव वाटेल. पण आज आपल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीपेक्षा ही बारा सिलिंडरची, तीन माणसांची, एसी असलेली गाडी हलकी आहे. हे एका मोठ्या युक्तीने झालं नाही. सांगाडा कार्बन फायबरचा, हे खरं, आणि रस्त्यावरच्या विक्रीच्या गाडीत असा कार्बनचा मोनोकॉक, म्हणजे एकसंध सांगाडा, पहिल्यांदा हिच्यातच आला. मॅक्लारेनने १९८१मध्ये फॉर्म्युला वनमध्ये तो आणला होताच. पण उरलेलं सगळं थेंबे थेंबे साचलेलं. म्युझिक सिस्टीम केनवूडकडून मुद्दाम हलकी करून घेतली, त्यात सीडी होती, रेडिओ नव्हता. गाडीसोबत फाकॉमचे टायटॅनियमचे पाने दिले. चाकं मॅग्नेशियमची. पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला सर्व्हो नाही, एबीएस नाही. चालकाची सीट पुढेमागे सरकतच नाही. गाडी ताब्यात देताना गिऱ्हाइकाच्या मापाने पेडल आणि स्टिअरिंगच बसवून द्यायचे. शिंप्याकडे माप दिल्यासारखं.

आणि सोनं! इंजिनच्या कप्प्याला आतून सोन्याचा पत्रा लावलेला असतो, हे ऐकून आपल्याकडचे लोक पहिल्यांदा किंमत विचारतात. तो थाट नव्हे. उष्णता परतवण्यात सोनं फार चांगलं आणि पत्रा अतिशय पातळ लागतो. एका गाडीला साधारण १६ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड तोळा. कार्बनच्या सांगाड्याला शेजारच्या एक्झॉस्टची धग लागू नये म्हणून हा उपाय. दुसऱ्या कुठल्याही जाड इन्सुलेशनचं वजन जास्त झालं असतं, म्हणून सोनं. लग्नात एका पाटलीला यापेक्षा जास्त लागतं.

मी ही गाडी आयुष्यात एकदाच जवळून पाहिली, इंग्लंडला कामानिमित्त गेलो होतो तेव्हा गुडवूडच्या उत्सवात. मागचं झाकण उघडं होतं. लोक इंजिनचे फोटो काढत होते आणि मी बराच वेळ खाली वाकून सायलेन्सर बघत उभा होतो. माझ्या बरोबरचा माणूस वैतागला. पण तो सायलेन्सर बघण्यासारखाच आहे: मागून धडक बसली तर चेमटून धक्का खाणारा भागही तोच. एकाच वस्तूकडून दोन कामं, म्हणजे दुसऱ्या वस्तूचं वजन वाचलं. शर्यतीच्या कारखान्यात मोठा झालेला माणूस असा विचार करतो.

आता जी बाजू मासिकांत कुणी लिहीत नाही ती. रेसवाल्यांना सवयीच्या असलेल्या कितीतरी गोष्टी या गाडीत मरेने मुद्दाम घेतल्या नाहीत.

कार्बनचे ब्रेक बघ. मॅक्लारेनला ते नवे नव्हते. त्यांचा विचार झाला आणि ते नाकारले गेले, कारण कार्बनची डिस्क तापल्यावर जबरदस्त धरते, पण थंड असताना तिच्यावर भरवसा नसतो. ट्रॅकवर आधी एक फेरी मारून ब्रेक तापवता येतात. सकाळी घरातून निघाल्यावर कोपऱ्यावर शाळेची बस आडवी आली, तर आधी ब्रेक तापवायला कुणाला वेळ आहे? म्हणून साध्या लोखंडी डिस्क लावल्या. त्या तापू नयेत यासाठी मात्र डोकं लढवलं: जोरात ब्रेक मारला की मागचा पट्टा वर उठतो, गाडी मागून दाबली जाते आणि त्याच वेळी मागच्या ब्रेकला हवा पोचवणारे मार्ग उघडतात. गाडीखाली दोन छोटे पंखे आहेत, तेही तसेच. पोटाखाली चिकटून राहणारी मंद हवा ते ओढून घेतात. जुन्या पंखेवाल्या ब्रॅबमची ही गरीब बहीण, पण सभ्य.

सस्पेन्शनचंही तेच. रेसच्या गाडीत सांधे धातूचे आणि घट्ट. रस्त्यावर ते लावले तर पाचशे किलोमीटरमध्ये प्रवाशाचे दात हलतील. रबराचे बुश लावले तर आराम मिळतो, पण स्टिअरिंग बोथट होतं. मरेच्या टीमने पुढचं सस्पेन्शन एका वेगळ्या चौकटीवर असं बसवलं, की खड्ड्याचा आडवा झटका घ्यायला चाक मागे किंचित सरकतं, पण वळताना ते बाजूला सरकत नाही. पुढे जीटीआर बनवताना हे मऊपण काढून टाकलं. माझ्या दृष्टीने रस्त्याच्या आणि शर्यतीच्या गाडीतली खरी सीमारेषा तिथे आहे, नंबरप्लेटवर नाही.

मधोमध चालक बसवण्याचाही एक फायदा होमोलोगेशनवाल्यालाच कळेल. डावीकडून चालवणारा देश की उजवीकडून, हा प्रश्नच उरत नाही. डॅशबोर्ड दोन प्रकारचे करायला नकोत, पेडल दोन प्रकारची नकोत. फक्त पुढच्या दिव्यांचा झोत देशानुसार बदलावा लागतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात उजेड जाऊ नये हा नियम चालक कुठे बसलाय हे विचारत नाही. तोटा? मधल्या सीटवर चढणं म्हणजे योगासन. आणि टोलनाक्यावर हात पुरत नाही. काचेचा जेमतेम छोटासा भाग उघडतो आणि पावती देणारा दूर.

रस्त्यावर येण्यासाठी गाडी फोडूनही दाखवावी लागते. एक्सपी१ हा पहिला नमुना १९९२च्या डिसेंबरात चालू झाला आणि नामिबियाच्या वाळवंटात उष्णतेच्या चाचणीत उलटून संपला. चालक वाचला. एक्सपी२ भिंतीवर आपटण्यासाठीच बांधला. त्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स तपासायला अल्टिमा या कंपनीच्या दोन किट-कार घेतल्या, त्यांची लाडकी नावं अल्बर्ट आणि एडवर्ड. एकीत गिअरबॉक्सला त्रास द्यायला अमेरिकन व्ही८, दुसरीत बीएमडब्ल्यूचं व्ही१२. काम झाल्यावर दोन्ही मोडून टाकल्या, जगातल्या सर्वांत महागड्या गाडीचं नाव किट-कारशी जोडलं जाऊ नये म्हणून. हा स्वाभिमान मला जरा जास्तच वाटतो. त्या दोन्ही आज असत्या तर संग्रहालयात शोभल्या असत्या.

प्रदूषणाच्या नियमासाठी चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावे लागले. बाहेरच्या अंगाला कुठेही टोकदार कड चालत नाही. पादचाऱ्याला लागू शकणाऱ्या कडांना किमान २.५ मिलिमीटरची गोलाई हवी, हा आंतरराष्ट्रीय नियम. ऐकायला क्षुल्लक वाटतो. माझ्या एका जुन्या कामाची गोष्ट सांगतो. एका छोट्या कार्यशाळेने फार सुंदर दोन सीटची गाडी बांधली होती. माणसं गुणी, वेल्डिंग नजर लागेल असं. मी कागदपत्रांना मदत करत होतो. ब्रेक पास, आवाज पास, धूर पास. आणि गाडी अडकली ती मागच्या नंबरप्लेटच्या दिव्यावर! डिझाइन पूर्ण झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्लेटवर सारखा उजेड पाडेल असा दिवा बसवायला जागाच ठेवलेली नाही. तो बसवायचा तर मागचं पॅनल बदला, पॅनल बदललं तर साचा बदला. साच्याचे पैसे संपले होते. ती गाडी आजही कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे.

आता शर्यतीकडे. १९९२च्या मे महिन्यात मोनाकोला एफ१ जगासमोर आली तेव्हा मरेच्या मनात रेस नव्हती. रेसमध्ये उतरवायची तर नियम, वर्ग, वजनाची अट हे सगळं पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावं लागतं, आणि त्याला ते नको होतं. हट्ट धरला तो गिऱ्हाइकांनी. रे बेल्म आणि थॉमस बुशर यांच्यासारख्या शर्यतवेड्या मालकांनी जीटी गाड्यांच्या बीपीआर या शर्यतींच्या मालिकेत ही गाडी न्यायचीच म्हणून तगादा लावला. शेवटी कंपनी तयार झाली आणि जीटीआर बनली. त्यात एक गंमत आहे, लक्षात ठेव: नियमाप्रमाणे इंजिनच्या हवेच्या वाटेवर बंधन घालावं लागल्याने रेसच्या गाडीची ताकद साधारण ६०० अश्वशक्तीवर आली. म्हणजे दुकानातून विकत घेतलेली गाडी रेसच्या गाडीपेक्षा ताकदवान! बदललं ते थोडं: आतली सजावट काढली, सुरक्षा पिंजरा बसवला, ब्रेक कार्बनचे केले, मागे मोठा पंख लावला. बाकी सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स तोच वंश.

१९९५च्या ले माँला सात जीटीआर उतरल्या. शर्यतीचा मोठा भाग पावसात गेला. सगळ्यांत वेगवान गाड्या त्या नव्हत्या, खास शर्यतीसाठी बांधलेल्या प्रोटोटाइप गाड्या मैदानात होत्या. पण रात्रभर पाऊस लागला आणि ५९ क्रमांकाच्या काळ्या-करड्या गाडीतून जे. जे. लेहतोने ओल्या ट्रॅकवर जी चालवली ती आजही लोक आठवतात. त्याच्यासोबत दालमास आणि मासानोरी सेकिया. सेकिया हा ले माँ जिंकणारा पहिला जपानी चालक ठरला. दुसरा नंबर एका कुराज प्रोटोटाइपला आणि मग तिसरी, चौथी, पाचवी, तिन्ही मॅक्लारेन. तेरावीही मॅक्लारेनच. जिंकलेली गाडी तर कारखान्याची चाचणीसाठी वापरलेली होती, आणि कंपनी ले माँला पहिल्यांदाच आली होती. माझं मत विचारशील तर पावसाने मदत केली, पण फक्त पावसाने नाही. ज्या गाडीला पहिल्यापासून थंड, ओल्या, अनोळखी रस्त्यावर माणसाशी नीट वागायला शिकवलं होतं, तिला तीच शिकवण तिथे उपयोगी पडली.

त्या यशाच्या आठवणीसाठी एफ१ एलएम बनवल्या. शर्यत पूर्ण करणाऱ्या पाच गाड्यांसाठी पाच आणि एक नमुना. हवेवरचं बंधन काढलेलं ६८० अश्वशक्तीचं इंजिन आणि वजन १०६२ किलो.

आणि मग दिशा पुन्हा उलटली. १९९६ला पोर्शने ९११ जीटी१ आणली: आधी रेसची गाडी, मग नियमापुरत्या रस्त्याच्या काही. मर्सिडीजची सीएलके जीटीआर त्याच वाटेने आली. त्यांच्याशी टक्कर द्यायला १९९७मध्ये मॅक्लारेननेही लांब शेपटीची जीटीआर केली आणि नियमासाठी तशाच लांब शेपटीच्या रस्त्यावरच्या एफ१ जीटी केल्या, नमुना धरून तीन. म्हणजे तुझं वाक्य कुठल्या मॅक्लारेनला लागू होत असेल तर या तीन गाड्यांना. त्या दिसायला मला फार आवडतात, पण मूळ गाडीचा तो समंजसपणा त्यांच्यात नाही.

वेगाबद्दल विचारलं नाहीस, तरी कुणीतरी विचारेलच. १९९३ला इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळात जोनाथन पामरने ३७१ किमी प्रतितास गाठला. ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीत एरा-लेसिनच्या सरळ रस्त्यावर अँडी वॉलेसने एक्सपी५ या नमुन्यातून दोन्ही दिशांची सरासरी ३८६ किमी प्रतितास काढली, इंजिनच्या फेऱ्यांची मर्यादा ७५०० वरून ८३०० वर नेऊन. ९५ला ले माँला तिसऱ्या आलेल्या गाडीच्या तीन चालकांपैकी हाच एक. हा आकडा मिळवणं हे मरेचं उद्दिष्टच नव्हतं. हलकी, निमुळती, ताकदवान गाडी केली की वेग व्याजासारखा मिळतो.

धंदा म्हणून मात्र ती चालली नाही. सुमारे तीनशे विकायचा बेत होता. नव्वदच्या सुरुवातीला मंदी आली, किंमत पाच लाख पौंडांच्या वर आणि एक गाडी पूर्ण करायला साडेतीन महिने. १९९८ला काम थांबलं तेव्हा नमुने आणि रेसच्या गाड्या धरून एकूण १०६ झाल्या होत्या, त्यात साध्या रस्त्याच्या ६४. तेव्हा खपत नव्हत्या, आणि २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात त्यातली एक दोन कोटी डॉलरच्या वर गेली.

सांभाळणं ही वेगळी कथा. इंधनाची टाकी रेसच्या गाडीसारखी रबरी पिशवीची, ती दर पाच वर्षांनी बदलायची आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढायचं. गाडीत मोडेम होतं, बिघाड झाला तर फोनच्या तारेवरून इंग्लंडला वोकिंगच्या कारखान्यात माहिती पाठवण्यासाठी. निदान करायला लागे ते सॉफ्टवेअर कॉम्पॅकच्या त्या काळच्या एका विशिष्ट लॅपटॉपवरच चालायचं, म्हणून वीस वर्षांनंतरही कोट्यवधींच्या गाडीसाठी मेकॅनिक जुने कॉम्पॅक जपून ठेवताना दिसत. आपल्याकडे जुन्या प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर शोधणारे मला भेटले आहेत, पण ही जात वेगळी.

आता तुझा दुसरा प्रश्न. नाही, नेता येणार नाही. केंद्रीय मोटर वाहन नियमांतल्या १२६व्या नियमानुसार गाडी बनवणाऱ्याला आपला नमुना एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ती सगळी यादी एका कॉलेजच्या टीमला झेपणारी नाही. तुमच्या गाडीला दारं नाहीत, काच नाही, चाकं उघडी आहेत, इंधन टाकी आणि धूर यांचे नियम वेगळेच आहेत. आरटीओ तिची नोंदणी करणार नाही. आणि नोंदणीशिवाय कॉलेजच्या गेटबाहेर ती काढलीत, मग पहाटे का असेना, तर उद्या अपघातात कुणाला लागलं की विमा कंपनी तुम्हाला ओळखणारही नाही. ती कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवरच पळवा, तिच्यासाठी जागा तीच आहे.

तरीही घरी बसून रस्त्याची गाडी कागदावर काढायची असेल, तर मी वाट दाखवतो. रोज संध्याकाळी गाडीत बसवलेला प्रत्येक भाग काट्यावर ठेवून वहीत लिहायचा, नटबोल्टसकट. टीममधल्या एकाला हे कंटाळवाणं काम पूर्णवेळ द्या, आणि तो सांगेल ते इतरांनी ऐकायचं. महिन्याभराने वहीचे फोटो पाठव. पण त्याआधी मला एवढंच सांग: मागच्या नंबरप्लेटचा दिवा कुठे बसवणार आहात?